एअर सस्पेन्शनचा कंप्रेसर बदलण्याआधी

गाडी रात्री चारही चाकांवर सरळ उभी करायची आणि सकाळी पुढचा डावा कोपरा टायरवर टेकलेला बघायचा, असं काही दिवस चाललं. गाडी सुरू केली की कंप्रेसर, म्हणजे सस्पेन्शनमध्ये हवा भरणारा पंप, घरघरायला लागायचा. मागची बाजू उचलली जायची, पुढची अर्ध्यावर अडकायची, मग आवाज थांबायचा आणि डॅशबोर्डवर पिवळा संदेश यायचा. काही दिवसांनी तो लाल झाला: गाडी फार खाली आहे, थांबा. गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर दोन मिनिटांत उत्तर मिळालं, ‘कंप्रेसर गेला, नवा टाकू.’

कंप्रेसर थकलेला होता, यात वाद नाही. पण तो का थकला हे कोणी विचारलं नाही, आणि नवा किती दिवस टिकणार हे त्याच उत्तरावर ठरतं. फुटक्या रांजणात पाणी भरणारा माणूस दमला म्हणून दुसरा माणूस आणावा, तसा हा प्रकार. एअर सस्पेन्शनच्या दुरुस्तीत कंप्रेसर हा बहुधा सर्वांत महाग सुट्या भागांपैकी एक असतो आणि रिले, म्हणजे कंप्रेसरची वीज चालू-बंद करणारा स्विच, सर्वांत स्वस्त. त्यामुळे तपासणी स्वस्त टोकाकडून सुरू करणं शहाणपणाचं. खाली जो क्रम दिला आहे, त्याच क्रमाने काम झालं.

आधी जोडणी. चारही चाकांना लोखंडी स्प्रिंगऐवजी रबरी बेलो, म्हणजे हवेने फुगणाऱ्या पिशव्या, असतात. बारा व्होल्टची मोटर एक छोटा पिस्टन पंप फिरवते. पंपाच्या तोंडाशी ड्रायर, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या दाण्यांचा डबा. तिथून हवा व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये जाते आणि तिथले सोलेनॉइड, म्हणजे विजेने उघडणारे-मिटणारे, व्हॉल्व्ह ती एकेका बेलोला वाटतात. प्रत्येक कोपऱ्यावर उंची मोजणारा सेन्सर असतो. कंट्रोल युनिट तो वाचतं आणि रिलेमार्फत कंप्रेसर चालू करतं. काही गाड्यांत दाबाखालची हवा साठवणारी टाकीही असते. या गाडीत नव्हती, त्यामुळे सगळी मेहनत कंप्रेसरलाच.

गाडी खाली उतरवताना हवा त्याच वाटेने उलटी येते आणि ड्रायरमधून एक्झॉस्ट व्हॉल्व्हवाटे बाहेर पडते. जाता जाता ही कोरडी हवा दाण्यांत अडकलेला ओलावा सोबत घेऊन जाते, म्हणजे ड्रायर आपोआप वाळत राहतो. आता बेलोला चीर पडली तर काय होतं ते बघा. हवा चिरेतून जाते, ड्रायरमधून परत येतच नाही. दाण्यांत ओलावा साठत जातो, मग ओली हवा पुढे जाते, व्हॉल्व्ह ब्लॉकच्या आत गंज आणि चिकट पांढरी पूड जमते. तिकडे गळती भरून काढायला कंप्रेसर दुप्पट-तिप्पट वेळ चालतो, तापतो, पिस्टनची रिंग झिजते. रिंग झिजली की तेवढाच दाब तयार करायला आणखी वेळ लागतो. रिलेमधून तितका जास्त वेळ करंट वाहतो, त्याचे संपर्क जळतात. शेवटी ते चिकटून बसले तर गाडी बंद असतानाही कंप्रेसर चालूच राहतो आणि बॅटरी तरी संपते किंवा मोटर तरी जळते. एका चिरेपासून चार भाग खराब होतात ते असे.

पहिलं काम मोजमाप. टेप, वही आणि सपाट जागा, एवढंच लागतं. चाकाच्या बरोबर मध्यापासून मडगार्डच्या कमानीच्या खालच्या कडेपर्यंत सरळ उभं अंतर, चारही कोपऱ्यांवर, मिलिमीटरमध्ये. जमिनीपासून मोजू नका, टायरमधली हवा कमी-जास्त असली तर आकडा फसवतो. शनिवारी संध्याकाळी गाडी नेहमीच्या उंचीवर आणली, इंजिन बंद केलं, मोजलं आणि लगेच सस्पेन्शन कंट्रोल युनिटचा फ्यूज काढून ठेवला.

हा फ्यूज काढणं महत्त्वाचं आहे. बऱ्याच गाड्यांत कंट्रोल युनिट उभ्या गाडीतही अधूनमधून जागं होतं आणि गाडी वाकडी दिसू नये म्हणून उरलेल्या कोपऱ्यांतली हवा सोडून ते सर्वांत खालच्या कोपऱ्याच्या पातळीला आणतं. सकाळी चारही कोपरे खाली दिसले की गळती कुठे आहे हे कळायचा मार्गच संपतो. दार उघडलं तरी ते जागं होतं. फ्यूज कुठला हे गाडीच्या पुस्तिकेत किंवा फ्यूज बॉक्सच्या झाकणावर असतं. काढण्याआधी त्याची जागा आणि अँपिअरचा आकडा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

रविवारी सकाळी पुढचा डावा कोपरा ४८ मिमी खाली आला होता. बाकीचे तीन २ ते ४ मिमी. हे दोन-चार मिमी गळतीचे नव्हेत. हवा ३० अंशांवरून १५ अंशांवर थंड झाली की तिचं आकारमान सुमारे ५ टक्क्यांनी आक्रसतं, आणि वजन तेच असल्याने गाडी थोडी बसते. चारही कोपरे सारखेच थोडे बसले तर काळजी नको.

कोणता कोपरा बसतो यावरून पुढची दिशा ठरते. एकच कोपरा बसला तर बेलो, त्याचा पाइप, वरचं फिटिंग किंवा व्हॉल्व्ह ब्लॉकमधला त्या कोपऱ्याचा व्हॉल्व्ह. एका आसाची दोन्ही चाकं बरोबर आणि सारखीच बसली तर व्हॉल्व्ह ब्लॉककडे आधी बघावं, दोन बेलो एकाच आठवड्यात एकाच वेगाने फुटणं दुर्मीळ. कोपरे अजिबात बसत नाहीत, पण गाडी वर उचलली जात नाही, असं असेल तेव्हा कंप्रेसर, रिले किंवा वायरिंग हे खरे संशयित. इथे दोन्ही लक्षणं होती.

स्कॅनर लावला तेव्हा कोड, म्हणजे कंट्रोल युनिटने केलेल्या दोषांच्या नोंदी, पुसण्याआधी सगळे लिहून घेतले, सोबतची किलोमीटर आणि व्होल्टेजची नोंदही. गॅरेजवाले घाईत आधी कोड पुसतात आणि मग गाडी चालवून बघतात. त्यांना थांबवा. ‘दाब फार हळू वाढतो’ किंवा ‘उंची ठरलेल्या वेळेत गाठली नाही’ अशा अर्थाचा कोड म्हणजे कंप्रेसर खराब असल्याचा दाखला नव्हे. कंट्रोल युनिटला फक्त इतकं कळतं की हवा भरायला सांगितली आणि सेन्सरचा आकडा अपेक्षेइतका हलला नाही. सेन्सरची दांडी गंजून अडकली असली तरी हाच कोड येऊ शकतो. म्हणून लाइव्ह डेटामध्ये, म्हणजे स्कॅनरवर त्या क्षणी दिसणाऱ्या आकड्यांत, चारही सेन्सर बघितले. सेन्सरला साधारण ५ व्होल्ट पुरवठा असतो आणि त्याचं उत्तर बहुधा अर्धा ते साडेचार व्होल्टच्या दरम्यान फिरतं. चाक वर-खाली होताना आकडा उड्या न मारता सलग बदलला पाहिजे. तो तसा बदलत होता, सेन्सर यादीतून बाद.

आणखी एक गोष्ट इथेच बघून घ्यावी. बॅटरी उतरलेली असेल तर कंट्रोल युनिट कंप्रेसर चालूच करत नाही. तपासणीचा सगळा वेळ बॅटरीला चार्जर जोडून ठेवला. नाहीतर इग्निशन तासभर चालू ठेवून निघालेले निष्कर्ष बॅटरीबद्दल असतात, कंप्रेसरबद्दल नव्हे.

मग वीज. रिले बोनेटखालच्या डब्यात होता. बाहेर काढल्यावर प्लास्टिकवर तपकिरी डाग दिसले, तेवढ्यावरून अर्धा अंदाज येतो. पिना ठरलेल्या असतात: ८५ आणि ८६ म्हणजे कॉइल, ३० वर बॅटरीचा पुरवठा, ८७ कंप्रेसरकडे. बारा व्होल्टच्या साध्या रिलेची कॉइल ५० ते १०० ओहमच्या दरम्यान दाखवते. हिची ८४ होती. म्हणजे कॉइल ठीक, पण संपर्कांबद्दल कॉइल काहीच सांगत नाही. मल्टिमीटरच्या ओहम मापाने संपर्क तपासणंही निरुपयोगी आहे. काही मिलीअँपिअरवर चांगला दिसणारा संपर्क वीस अँपिअरवर नापास होतो. भाराखाली व्होल्टेज किती पडतं ते मोजा.

पद्धत अशी: स्कॅनरमधून कंप्रेसर चालवायची आज्ञा द्या. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या धन टोकावर, दुसरी कंप्रेसरच्या धन पिनेवर. कंप्रेसर चालू असताना आकडा ०.५ व्होल्टच्या आत हवा. तसंच ऋण बाजूला, कंप्रेसरचं अर्थिंग ते बॅटरीचं ऋण टोक, ०.२ च्या आत. इथे धन बाजूला ०.९ व्होल्ट पडत होते. मग तोच प्रवास तुकड्यांत मोजला, तर त्यातले ०.६ एकट्या रिलेच्या ३० आणि ८७ मध्ये. क्लॅम्प मीटरवर करंट १६ अँपिअर होता. म्हणजे रिलेच्या पोटात जवळजवळ १० वॅट उष्णता तयार होत होती. तपकिरी डागांचं कारण मिळालं.

करंटच्या आकड्याकडेही नीट बघावं. चांगला कंप्रेसर सुरू होताना क्षणभर मोठी उसळी घेतो, मग खाली येतो आणि दाब वाढेल तसा करंट हळूहळू चढत जातो. कारण पिस्टनला जास्त जोर लावावा लागतो. इथे उसळीनंतर १६ वर जो स्थिरावला तो तिथेच राहिला. मोटर फिरते आहे, पण पिस्टनला विरोध होत नाही, म्हणजे हवा रिंगच्या बाजूने परत निसटते आहे. याउलट करंट सुरुवातीपासूनच भरमसाठ असेल आणि फ्यूज उडत असेल, तर मोटरचे बेअरिंग किंवा ब्रश तपासायचे.

स्कॅनर नसेल तर रिलेच्या जागी ३० आणि ८७ जोडूनही कंप्रेसर चालवता येतो. त्यासाठी किमान ४ चौरस मिमी जाडीची वायर हवी, मध्ये मूळ फ्यूजच्याच अँपिअरचा फ्यूज हवा, आणि एका वेळी फार तर अर्धं मिनिट. असं थेट चालवताना तापमानाचं संरक्षण बाजूला पडलेलं असतं. कागदी क्लिप घालून चालवणारे लोक आहेत. त्यांच्या फ्यूज बॉक्सचे सॉकेट वितळलेलेही बघितले आहेत.

विजेचा दोष सापडला, पण एवढ्याने पुढची बाजू उचलली जात नाही याचा उलगडा होत नव्हता. त्यासाठी प्रेशर गेज लावला. गेज २० ते २५ बारपर्यंतचा घ्यावा, टायरचा गेज चालत नाही. कंप्रेसरकडून व्हॉल्व्ह ब्लॉककडे जाणारा पाइप सोडवायचा आणि तिथे योग्य फिटिंगने गेज जोडायचा. नट अर्धा फेरा सैल करून थांबा, फुसकारा पूर्ण संपू द्या, मगच पुढे सोडवा. चेहरा बाजूला आणि डोळ्यांवर चष्मा. पाइपाच्या तोंडाशी दहा बारपर्यंत दाब असू शकतो.

तोंड बंद असल्याने भरायला हवा अगदी थोडी असते. चांगला कंप्रेसर काही सेकंदांतच दहा बारच्या पुढे जातो. तिथे लगेच बंद करायचा, ताणत बसायचं नाही. आमचा काटा सहाच्या जरा पुढे गेला आणि तिथेच थरथरत राहिला. बंद केल्यावर मात्र काटा जागेवर टिकला, म्हणजे ड्रायरचे सील आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह धरून होते. बंद केल्यावर काटा झरझर उतरला असता तर दोष तिथे शोधावा लागला असता.

सहा बार का पुरत नाहीत, याचा हिशेब सोपा आहे. पुढच्या एका बेलोवर ६०० किलोचा भार आणि बेलोचं परिणामी क्षेत्रफळ ८० चौरस सेंमी धरलं, तर दाब लागतो दर चौरस सेंमीला साडेसात किलो, म्हणजे साधारण ७.४ बार. मागे भार कमी, म्हणून तिथे पाचएक बारमध्येही काम होतं. बऱ्याच गाड्यांत आधी मागची बाजू उचलली जाते आणि मग पुढची. त्यामुळे सहा बारवर अडकलेला कंप्रेसर मागची बाजू छान उचलतो आणि इंजिनाच्या वजनापुढे हात टेकतो. ‘मागे चढतं, पुढे चढत नाही’ हे लक्षण ऐकून पुढचे दोन्ही बेलो बदलून घेतलेल्या गाड्या असतात, त्यामागे हेच असतं.

आता गळती. चाक काढायच्या आधी गाडीत जॅक मोड किंवा लिफ्ट मोड असेल तो चालू करा, नसेल तर सस्पेन्शनचा फ्यूज काढा. नाहीतर चाक अधांतरी झाल्यावर कंट्रोल युनिटला वाटतं की कोपरा फार उंच गेला आणि ते हवा सोडायला लागतं. गाडी स्टँडवर ठेवल्याशिवाय खाली वाकायचं नाही, हात घालायचा नाही. फक्त बेलोच्या आधारावर उभी गाडी क्षणात बसते आणि कमान आणि टायर यांच्यामध्ये जागा उरत नाही. या कामात जीवघेणं काही असेल तर ते हेच.

साबणाचं पाणी करताना भांड्यांचा पातळ साबण पाण्यात घालून हलक्या हाताने ढवळावं. जोरात घुसळलं तर आधीच फेस होतो आणि गळतीचे बुडबुडे त्यात हरवतात. फवाऱ्याच्या बाटलीने आधी वरच्या फिटिंगवर, मग पाइपभर, मग बेलोवर. बेलोभोवती धूळ अडवणारं रबरी आवरण असतं, ते खाली सरकवल्याशिवाय खरी जागा दिसतच नाही. बेलो जिथे स्वतःवर दुमडतो ती खालची घडी म्हणजे झीज होण्याची ठरलेली जागा. वाळू, चिखल तिथेच अडकतो आणि प्रत्येक खड्ड्यागणिक रबर घासतो.

पहिल्या फवाऱ्यात काहीच दिसलं नाही. असं होतं. चीर घडीच्या आत मिटलेली असते. गाडी खालच्या, नेहमीच्या आणि वरच्या अशा तिन्ही उंचींवर आणून, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून बघावं लागतं. वरच्या उंचीसाठी थकलेल्या कंप्रेसरच्या भरवशावर राहता येत नव्हतं, म्हणून बाहेरच्या कंप्रेसरमधून, मध्ये पाणी गाळणारा फिल्टर लावून, त्या एका बेलोत हवा भरली. मग घडीच्या वरच्या अंगाला बारीक दाणेदार फेसाची रेघ उमटली. रबरावर आडव्या सुरकुत्यांचं जाळं आणि त्यातली एक सुरकुती आरपार गेलेली.

व्हॉल्व्ह ब्लॉक निर्दोष आहे की नाही हेही बघून घेतलं, कारण तो पुन्हा उघडायची इच्छा कोणालाच नसते. कंप्रेसर बंद असताना एक्झॉस्टच्या तोंडावर साबणाचा पातळ पडदा धरायचा. पडदा फुगला तर आतला व्हॉल्व्ह गळतो. तसाच पडदा प्रत्येक फिटिंगच्या मुळाशी. एकही फुगला नाही. विजेच्या कनेक्टरवर आणि कंप्रेसरच्या हवा घेणाऱ्या तोंडाजवळ साबण जाऊ देऊ नका, आणि काम झाल्यावर रबर साध्या पाण्याने धुवा.

इथे निर्णयाची वेळ आली. बेलो बदलायचाच होता. या गाडीत तो शॉक अॅब्सॉर्बरसकट एकत्र येतो. चिकटवून, पॅच मारून तो टिकत नाही, दर किलोमीटरला शेकडो वेळा वाकणारी जागा आहे ती. कंप्रेसरबाबत मात्र दोन वाटा होत्या: पूर्ण नवा, किंवा रिंगचा दुरुस्ती संच. मोटर गरम झाल्याचा वास नव्हता, करंट बेताचा होता, फिरण्यात खरखर नव्हती. झीज फक्त रिंगची. अशा वेळी संच घेणं रास्त, त्याची किंमत नव्या कंप्रेसरच्या छोट्या हिश्श्याएवढी असते. मोटर खरखरत असेल किंवा सिलिंडरच्या आत नखाला लागतील असे ओरखडे असतील, तर संचावर खर्च करू नये.

सुटे भाग मागवताना गाडीच्या मॉडेलवर आणि वर्षावर भिस्त ठेवू नका. एकाच मॉडेलमध्ये मधल्या काळात कंप्रेसरचा पुरवठादार बदललेला असतो. चासी नंबर द्या आणि कंप्रेसरच्या अंगावरच्या लेबलचा फोटोही पाठवा. रिंगचा व्यास आधी विचारून घ्या. वाट बघण्याचा काळ कंटाळवाणा, त्यात गाडी बसलेल्या अवस्थेत चालवणं शक्य नाही, कारण बेलो हवेविना दबला तर घडीत चिरडतो आणि टायर कमानीला घासतो. चारही कोपरे स्टँडवर ठेवून बोनेटखालचा फ्यूज काढलेलाच ठेवला.

कागदपत्रांचं एक सांगायला हवं. नवा कंप्रेसर घेणार असाल तर वॉरंटीच्या अटी बिल करण्याआधी वाचा. बरेच विक्रेते अट घालतात की रिले सोबतच बदलला पाहिजे आणि गळती तपासून दुरुस्त केल्याचा पुरावा हवा. तो नसला तर जळालेला कंप्रेसर परत घेत नाहीत. जुना भाग परत देण्याच्या बोलीवर सवलत असेल, तर तो मूळ खोक्यात, हवेची तोंडं बुचांनी बंद करून पाठवावा लागतो. गॅरेजच्या बिलावर ‘सस्पेन्शन दुरुस्ती’ असं मोघम लिहून घेऊ नका. कोणता भाग, त्याचा क्रमांक, रिले बदलला, गळतीची चाचणी केली, किलोमीटर किती, हे वेगवेगळ्या ओळींत लिहायला सांगा. थोडी कुरकूर होते, पण लिहितात.

भाग आल्यावर आधी कंप्रेसर उघडला. डोक्याचे स्क्रू बारीक टॉर्क्सचे असतात आणि गंजलेले असतात. भेदक तेल टाकून रात्रभर ठेवावेत. उघडल्यावर आत राखाडी काळी पूड निघाली, ती म्हणजेच झिजलेली रिंग. सिलिंडर मऊ कापडाने कोरडा पुसला. या पंपात तेल नसतं आणि घालायचंही नसतं. ग्रीस किंवा तेलाचा थेंब हवेबरोबर ड्रायरच्या दाण्यांवर जाऊन बसतो आणि ते ओलावा शोषेनासे होतात. संचातले सगळे ओ-रिंग बदलावेत, जुना चांगला दिसला तरी. रिंग बसवताना ती खोबणीत पिळली जात नाही ना ते बघत, पिस्टन हळूहळू दाबावा.

ड्रायर उघडल्यावर दाणे ओलसर, काही फुटून चुरा झालेले. संचात नवे होते. जुने वापरायचे झालेच तर १२० अंशांवर दोन-तीन तास भाजून वाळवता येतात, पण चुरा झालेले फेकावेत. डबा काठोकाठ, ठोकून ठोकून भरायचा. हलवल्यावर खुळखुळ वाजता कामा नये. सैल दाणे एकमेकांवर घासून पीठ होतं आणि ते पीठ व्हॉल्व्ह ब्लॉकच्या व्हॉल्व्हखाली जाऊन बसतं. दोन्ही टोकांचे जाळीचे फिल्टर विसरू नयेत. नवे दाणे शेवटच्या क्षणापर्यंत बंद पाकिटात ठेवावेत, उघड्यावर ते लगेच हवेतला ओलावा ओढायला लागतात.

हवा घेणाऱ्या तोंडाचा फिल्टरही चिखलाने अर्धा बुजलेला निघाला. तो बदलायला पाच मिनिटं लागतात आणि कोणी बघत नाही. कंप्रेसरचे रबरी पाय वाळून कडक झाले असतील तर तेही बदला. ते गेले की कंप्रेसर ठीक असूनही आवाज चेसिसमधून आत येतो आणि माणूस पुन्हा घाबरतो.

पाइप परत जोडताना जिथे फिटिंगच्या पितळी कडीने दात रोवले आहेत ते टोक काही मिलिमीटर कापून टाकावं. ब्लेडने, काटकोनात. पक्कडीने कापलं तर नळी चपटी होते आणि तिथूनच सूक्ष्म गळती सुरू होते. फिटिंग बोटांनी बसवून मग पान्याने थोडंसंच. पितळ आणि प्लास्टिक आहे, जोर लावण्याची जागा नव्हे.

नवा बेलो बसवल्यावर चाक जमिनीवर टेकवायच्या आधी त्यात हवा भरली. रिकाम्या बेलोवर गाडीचं वजन आलं तर तो वेडावाकडा दुमडतो आणि नवाकोरा भाग पहिल्याच दिवशी खराब होतो. सस्पेन्शनच्या आर्मचे रबरी बुश असलेले बोल्ट गाडी नेहमीच्या उंचीवर आल्यावरच शेवटचे आवळायचे, नाहीतर बुश कायमचे पिळलेले राहतात. एकदाच वापरायचे नट नवे घ्यायचे.

नवा रिले लावला. पुन्हा व्होल्टेज मोजलं: रिलेमधली घट ०.१ च्या खाली, एकूण ०.३. करंट आता २१ पर्यंत चढत जात होता, चढायला हवाच होता. गेजवर काटा दहा ओलांडून पुढे गेल्यावर बंद केला. खालच्या उंचीवरून नेहमीच्या उंचीला गाडी मिनिटभरात आली, दोन्ही बाजू.

शेवटी कॅलिब्रेशन, म्हणजे कंट्रोल युनिटला खरी उंची कळवणं. सेन्सरची दांडी सोडवली होती, त्यामुळे ते गरजेचं होतं. सपाट जमीन, टायरमध्ये ठरलेली हवा, डिकी रिकामी, आत कोणी नाही. चारही कोपऱ्यांची मोजमापं स्कॅनरमध्ये भरली, कंट्रोल युनिटने गाडी हलवली, पुन्हा मोजलं आणि फरक कंपनीच्या मर्यादेत येईपर्यंत तेच केलं. उंची बदलली की चाकांचे कोन आणि हेडलाइटची दिशाही बदलते, म्हणून व्हील अलाइनमेंट यानंतर करायची, आधी नाही.

फ्यूज काढून पुन्हा रात्रभर ठेवली. सकाळी चारही कोपरे ३ मिमीच्या आत. काही दिवस चालवल्यावर तेच मोजमाप परत घेतलं, कारण फिटिंगची गळती कधी कधी गाडी हलल्यावरच सुरू होते.

पुढचा उजवा बेलो त्याच वयाचा आहे आणि त्याच रस्त्यांवर चाललेला आहे. चाक काढलेलंच होतं म्हणून त्याची घडीही धुऊन बघितली. सुरकुत्या आहेत, चीर नाही. गाडी वरच्या उंचीवर नेऊन घडीतला चिखल पाण्याने धुवायचा आणि त्याच वहीत महिन्यातून एकदा रात्रीचा उतार नोंदवायचा, असं ठरवलं आहे. रबरावर पेट्रोल, डिझेल किंवा तेलकट पॉलिश मारायचं नाही. उजवा कोपरा रात्रीत १० मिमीच्या वर बसायला लागला की तो भाग मागवायचा, लाल संदेशाची वाट न बघता.